पट्टीखालचं बटण

११ मार्च

तीर्थरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार. या खेपेचा नमस्कार अगदी खरा आहे, कारण गेले काही दिवस मी तू पाठवलेल्या कपाटामागे वाकलेलीच आहे. इकडे सगळे बरे आहेत. बाबांचा गुडघा सुधारतोय, चष्म्याचं दुकान ठीक चाललंय. तू फोन उचलत नाहीस म्हणून सुरू झालेली ही पत्रांची पद्धत मला आता आवडायला लागली आहे. काउंटरवर बसून पत्र लिहिणारी बाई बघितली की गिऱ्हाईकं जरा दबकूनच आत येतात.

सामान सुखरूप पोचलं. 'सुखरूप' हा शब्दही कमीच पडेल. प्लेयरचा दांडा मऊ लोकरीनं बांधलेला, सुईला टोपी, वरची फिरती थाळी वेगळी काढून टॉवेलात गुंडाळलेली. प्रत्येक वायरीची गुंडाळी करून तिला दोरा बांधलेला, कुठे पीळ नाही की गाठ नाही. अँप्लिफायरच्या तोंडावरची सगळी बटणं जागच्या जागी राहावीत म्हणून त्यांच्यावर कागदी चिकटपट्ट्या! खोके उतरवणारा माणूस म्हणाला, "या बाईंनी नुसत्या काचा भरल्या असत्या तरी फुटल्या नसत्या." मी ऐटीत सांगितलं, "माझी आत्या आहे."

बाबांनी मात्र खोक्यांकडे बघितलंच नाही. त्यांनी कपाट ओळखलं. ओळखणारच, त्यांच्याच हातचं ते. वायरी जायला पाठीला पाडलेली भोकं, कडा घासून गुळगुळीत केलेल्या. त्यांनी त्या कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "हेसुद्धा पाठवलं? मग आता आमचं तिच्याकडे राहिलं काय?"

आत्या, तुझ्यापासून काय लपवायचं, ते फार दुखावलेत. तू फोन उचलत नाहीस हे एक झालंच. पण जिन्यावरून पडले तेव्हा नेमका उचललास, आणि त्यांनी "ताई, मी पडलो गं" म्हणून सगळं सांगितल्यावर तू म्हणालीस, "वा, छान झालं! काळजी घे," आणि ठेवलास. त्यानंतर त्यांनी तुझं नाव घेणं सोडलंय. मी गंमतीवारी नेऊन बघितलं, तर म्हणाले, "संबंध तोडायचे तर माणसानं सरळ तोडावेत. कपाट कशाला पाठवायचं?" तुम्हा दोघांचं हे असंच राहिलं तर माझा जीव कशातच लागणार नाही, एवढं लिहून ठेवते.

आता कामाचं. खोक्यात तुझी एकच ओळ होती: 'घर लहान आहे, जागा होत नाही, तुला आवड आहे, तू ठेव.' मला आवड आहे हे खरं. अक्कल नाही हेही तुला ठाऊक आहे.

लहानपणी तू मला कपाटामागे घेऊन जायचीस ते आठवतं. दिवसभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला रिसीव्हर लावून या माणसाला त्या माणसाशी जोडायचीस आणि घरी आलीस की पुन्हा वायरीच. आई म्हणायची, हिचं मन कसं भरत नाही! तू म्हणायचीस, "आवाज कुठून निघाला आणि कुठे चाललाय हे बोटानं दाखवता आलं पाहिजे. मग वायर आपोआप कळते." आणि माझं बोट धरून दाखवायचीस. सुई रेकॉर्डच्या रेघेत फिरते, तिथे निघणारा आवाज मुंगीच्या पावलाएवढा. तो दोन बारीक वायरींनी प्लेयरमधून निघतो, लाल उजवी, पांढरी डावी. अँप्लिफायरच्या पाठीत शिरतो, तिथे मोठा होतो आणि जाड वायरींनी दोन स्पीकरांकडे जातो. मग आपण दोघींनी समोर येऊन बसायचं. तुझी खुर्ची बरोबर मधोमध, इंचभर इकडे नाही की तिकडे नाही. "डोळे मीट. गाणारी बाई कुठे उभी आहे?" मी बोट दाखवायचे, दोन स्पीकरांच्या मधल्या रिकाम्या भिंतीकडे. तिथे काहीच नसायचं आणि बाई तिथेच असायची. माझ्या आयुष्यात मी बघितलेली ती पहिली जादू.

(त्या खुर्चीवरून आठवलं. मागे मी आले होते तेव्हा ती तिरकी होती, खिडकीकडे तोंड करून. उन्हासाठी फिरवली असशील.)

तर एवढं शिकवूनही मी काय केलं? प्लेयरच्या पिना मागे जी भोकं रिकामी दिसली त्यात घातल्या. आवाज आला, पण शेजारच्या घरातून यावा तसा. बराच वेळ मान मोडून वाचल्यावर 'फोनो' लिहिलेली जोडी सापडली. मुंगीच्या पावलाला मोठं करायची सोय त्या एकाच जोडीमागे आहे, हे तू सांगितलं होतंस आणि मी खाऊन पचवलं होतं. पिना तिकडे घातल्यावर आवाज घरात आला, पण सोबत एक घूं असा सूरही आला. तो काही केल्या जात नाही. बाई गायला लागायच्या आधीपासून कुणीतरी आ लावून बसलंय असं वाटतं.

तूच सांग आता. आणि हो, मोनोचं बटणही बघितलं. दोन्हीकडचा आवाज एकत्र कालवून दोन्ही स्पीकरांना तोच देणारं. तू त्याला 'आळशांचं बटण' म्हणायचीस. "देवानं दोन कान दिलेत ते काय चष्मा अडकवायला?" हे माझ्यासारख्या चष्मेवालीला ऐकवायचीस! मी त्याला हात लावलेला नाही, काळजी नको.

उत्तराची वाट बघते.

तुझी,
भिंगरी


२६ मार्च

प्रिय आत्या,

नमस्कार. तुझं पत्र आलं, चांगलं चार पानी! वाचून इतकी हसले की चष्मा घ्यायला आलेल्या आजी म्हणाल्या, "आम्हालाही सांगा." मी त्यांना काय सांगणार? की हिरवी वायर सापडली म्हणून?

ती बारीक हिरवी वायर मी निरुपयोगी समजून मागे दुमडून ठेवली होती. तू लिहिलंस तशी अँप्लिफायरच्या पाठीवरच्या छोट्या स्क्रूखाली दाबली आणि घूं थांबलं. असं थांबलं की मला वाटलं वीज गेली. एवढीशी वायर, तिच्यातून गाण्याचा एक कणही जात नाही, आणि तीच सगळ्यांना गप्प बसवते. आमच्या घरात अशी एक वायर बसवून घ्यायला हवी.

स्पीकरच्या वायरींचंही तू सांगितलंस ते बरं झालं. तांबडी बाजू तांबड्यालाच, काळी काळ्यालाच, दोन्हीकडे. एकीकडे उलटं झालं तर एक स्पीकर पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो, खर्ज विरून जातो आणि बाई मधली जागा सोडून कुठेतरी भटकते. मी तपासलं, माझं बरोबर होतं. शाबासकी दे.

पण आत्या, बाई मध्ये येतच नाहीये. कारण डावा स्पीकर बोलतच नाही. मुका. सगळं गाणं उजवीकडून येतं.

तू लिहिलं आहेस की संशय आला तर एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि दोष कुठे सरकतो ते बघायचं. मी तसंच केलं. आधी अँप्लिफायरकडच्या स्पीकरच्या वायरी अदलाबदल केल्या. तर डावा बोलायला लागला आणि उजवा मुका! म्हणजे स्पीकर दोन्ही निर्दोष. त्या परत जागेवर लावल्या. मग प्लेयरच्या लाल-पांढऱ्या पिनांची अदलाबदल केली. काही फरक नाही, डावाच मुका. म्हणजे प्लेयरही सुटला. राहिला अँप्लिफायर. हे सगळं मी स्वतः शोधून काढलं याचा मला एवढा अभिमान वाटला की दोष सापडल्याचं दुःखच झालं नाही. बोटानं दाखवता येतंय, आत्या! आवाज कुठून निघाला आणि कुठे अडला, मला बोटानं दाखवता येतंय. याबद्दल तुझे पाय धरावेत असं वाटलं.

रेडिओ दुरुस्त करणारे काका येऊन गेले. झाकण खोलतो म्हणाले. मी म्हटलं, "आत्याला विचारल्याशिवाय एक स्क्रू फिरवू देणार नाही." तुझ्या चिकटपट्ट्यासुद्धा मी काढलेल्या नाहीत. आवाज लहानमोठा करायच्या बटणावरची तेवढी काढली. तू ज्या जागी ठेवलंस ती जागा बरोबरच असणार, आपण कशाला हात लावावा?

बाबांचं सांगते. मी रेकॉर्ड लावली की ते शेजारच्या खोलीत पेपर घेऊन बसतात. दार अर्धं उघडं. काल विचारलं, "या की इकडे." म्हणाले, "मला काही ऐकायचं नाही." पण पेपरचं पान तासभर उलटलं नव्हतं.

या डाव्याचं काय करू ते सांग.

तुझी,
भिंगरी


९ एप्रिल

माझ्या आत्या,

तुझं कार्ड मिळालं. मागच्या वेळी हिरव्या वायरीवर चार पानं, आणि या वेळी एवढंच: 'बॅलन्सचं बटण वाटेत फिरलं असेल. मधे आण. बाकी ठीक.'

कार्ड वाचलं आणि माझ्या मनात पाल चुकचुकली.

रविवारी दुपारी कपाटापुढे बसले. बॅलन्सचं बटण म्हणजे कुठल्या स्पीकरला किती आवाज द्यायचा ते ठरवणारं, मधे असलं की दोघांना सारखा. त्याच्यावर तुझी चिकटपट्टी होती. कडेपर्यंत नखानं दाबून बसवलेली, एका बाजूनंसुद्धा उचकटलेली नाही. ती हळूच सोलली. खाली बटण उजवीकडे अगदी शेवटाला टेकलेलं होतं.

ते वाटेत फिरलेलं नाही, आत्या. तू फिरू दिलंच नव्हतंस. ज्या काटेकोरपणाचं मी खोके उतरवणाऱ्यांपुढे कौतुक केलं त्यानंच तुझी चहाडी केली.

मी बटण मधे आणलं. डावा स्पीकर बोलला आणि बाई येऊन भिंतीसमोर उभी राहिली, बरोबर मधोमध. मी आनंदानं ओरडायला हवं होतं. मला रडू आलं. कारण ते बटण तसं का होतं ते मला तेव्हाच कळलं.

मी रोज कसली माणसं बघते हे तुला माहीत आहे. कुणी सरळ येऊन "मला दिसत नाही" म्हणत नाही. "हल्ली पेपर पुसट छापतात" म्हणतात. "तुमच्या दुकानात उजेड कमी आहे" म्हणतात. एका शाळामास्तरांनी तर भिंतीवरचा तक्ता पाठ केला होता, मी तक्ता बदलला तरी जुनाच म्हणून दाखवला. मी अशांना चटकन ओळखते, त्यांना न दुखवता खुर्चीवर कसं बसवायचं तेही मला येतं. आणि माझ्या स्वतःच्या आत्यानं लिहिलं 'घर लहान आहे', तर मी ते खरं मानलं.

तुझा उजवा कान गेलाय ना गं?

बाई डावीकडे सरकायला लागली असेल. तू बटण थोडं उजवीकडे नेलं असशील, ती मधे यावी म्हणून. आली असेल काही दिवस. मग पुन्हा सरकली असेल, पुन्हा थोडं. असं करत करत तू ते शेवटापर्यंत नेलंस आणि तरी ती मधे आली नाही. तिथे बटण संपलं. मग तू खुर्ची तिरकी केलीस. आणि मग सगळं उतरवून, पुसून, दोरे बांधून मला पाठवून दिलंस. कुणाला काही बोलली नाहीस. हे सगळं एकटीनं केलंस याचा मला राग येतोय, आणि ज्या हातानं पट्ट्या लावल्यास त्या हातावर डोकं टेकवावंसंही वाटतंय. एवढं मनातलं पाठवून देताना एक वायर तू वाकडी गुंडाळली नाहीस. माझ्याकडून हे कधीच झालं नसतं.

मी हे बाबांना सांगणार नव्हते. सांगायचं की नाही हा तुझा प्रश्न, असं मी ठरवलं होतं. पण दोन्ही स्पीकर एकदम बोलले तसे ते दारात आले. माझे डोळे बघितले. मग माझ्या हातातली पट्टी बघितली.

"ही तिनं लावली होती?"

"हो."

"कुठे?"

मी दाखवलं. ते गुडघा सांभाळत खाली बसले, बटण शेवटापर्यंत फिरवलं, परत मधे आणलं. "चांगलं घट्ट आहे. पट्टी नसती तरी हे वाटेत फिरलं नसतं."

मी पट्टी बोटाला गुंडाळत राहिले.

"खुर्ची तिरकी होती म्हणालीस ना तिची? खिडकीकडे तोंड?"

"हो."

"मग स्पीकरकडे कुठला कान यायचा?"

"डावा."

रेकॉर्डची ती बाजू संपली, सुई आतल्या रेघेत टकटक करत राहिली, तरी आम्ही उठलो नाही. मग ते म्हणाले, "मी पडलो म्हणून सांगितलं आणि ती वा म्हणाली. रिसीव्हर जन्मभर उजव्याच कानाला लावायची सवय, तिला ऐकूच आलं नव्हतं गं. काहीतरी बोलायला हवं म्हणून बोलली बिचारी." आणि थोड्या वेळानं, "आणि मी तिच्याशी बोलणं टाकलं. सबंध एक्स्चेंजमध्ये तिच्याइतका तिखट कान कुणाचा नव्हता. कशी सांगेल ती? कुणाला सांगेल?"

म्हणजे मी सांगितलं नाही, आत्या. तुझ्या बटणानं सांगितलं. तरी रागवायचं असेल तर माझ्यावर रागव, बाबांवर नको. त्यांनी स्वतःवर रागवायचं काम आधीच हाती घेतलंय.

आता मी माझ्या धंद्याची भाषा बोलते, ऐक. दिसत नसेल तर माणूस चष्मा लावतो आणि पुन्हा पेपर वाचतो, त्यात लाज नाही हे तू स्वतः माझ्या दुकानाच्या उद्घाटनाला म्हणाली होतीस, चारचौघांत, मोठ्या आवाजात. आमच्या दुकानाला लागून कान तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई बसतात. हुशार आहेत, हळू बोलत नाहीत, आणि खोटं सांगितलं तर ओळखतात. तुझं आणि त्यांचं छान जमेल. तुझ्या डाव्या कानात अजून बरंच शिल्लक असणार असा माझा अंदाज आहे, नाहीतर तू खुर्ची फिरवलीच नसतीस. यंत्राचा उपयोग होईल की नाही हे त्या सांगतील. नाही झाला, तर मी कागद-पेन घेऊन समोर बसेन. पत्रं लिहायची सवय आता झालीच आहे.

पण त्यासाठी तुला इथे यायला हवं. तू आल्याशिवाय तुझं कपाट मी माझं म्हणणार नाही.

खोली तयार आहे. स्पीकर दोन कोपऱ्यांत, मध्ये खुर्ची, अंतरं फितीनं मोजून. बॅलन्सचं बटण मधे आहे. आणि आत्या, मी मोनोचं बटण दाबलंय. होय, आळशांचं. आता डावीकडचं उजवीकडे आणि उजवीकडचं डावीकडे, दोन्ही स्पीकरांतून सगळंच येतं. ज्या कानाला ऐकू येतं त्याच्या वाट्याचं काही दुसरीकडे हरवत नाही. मी एक कान बोटानं बंद करून बसून बघितलं, अख्खी रेकॉर्ड. बाई गेली नाही कुठे. जशी पूर्वी उभी राहायची तशी नाही दिसत, खोटं कशाला सांगू. पण सगळं गाते. एक शब्द सोडत नाही.

मी हे करत असताना बाबा आतून आणखी एक खुर्ची घेऊन आले. ती तुझ्या खुर्चीच्या उजवीकडे ठेवली. मग थांबले. तुझ्या खुर्चीत जाऊन बसले, स्वतःच्या दोन्ही हातांकडे बघितलं, एकदा हा, एकदा तो. उठले, आणि ती खुर्ची उचलून डावीकडे नेऊन ठेवली, अगदी चिकटून. मला म्हणाले, "ताईला लिही, मी इथे बसणार आहे. जे बोलायचं ते तिच्या याच कानात बोलीन. आणि तू पलीकडे बस."

मी म्हटलं, पत्रं मी लिहिली, वायरी मी जोडल्या, बटण मी शोधलं, आणि पलीकडे मी? हे काही मला मान्य नाही. वाद अजून चालू आहे. ये आणि मिटव.

तुझ्या डाव्या हाताच्या खुर्चीसाठी तुझ्या भावाशी भांडत असलेली,
भिंगरी